रिकामी परत गेलेली वाटी

पांघरुणं घेतलीत? रेवा, पाय भिंतीवरून खाली घे. सुमू, तू मध्ये बोलायचं नाहीस, हुंकार तेवढा द्यायचा. हुंकार थांबला की माझी गोष्ट थांबली, बरं का.

एक होता राजा. फार मोठा नव्हता हो, हत्ती एकच, तोही म्हातारा. पण राजा तो राजाच. त्याची एक लाडकी लेक होती, वेणू. राणी गेली होती माहेरी बाळंतपणाला. म्हणजे घरात बाप आणि लेक दोघंच. आता बापाच्या हाती घर दिलं की काय होतं, ते तुमच्या बाबांकडे बघून तुम्हाला ठाऊक आहेच.

राजवाड्याच्या भिंतीला लागून एका म्हातारीचं घर होतं. गोदाक्का तिचं नाव. एकदा काय झालं, तिच्या परसात केळीचा घड पिकला. मग तिनं शिकरण केलं. केळी कुस्करली, दूध घातलं, साखर घातली, वेलची घातली, झालं. एक वाटी भरून वेणूला पाठवली. वेणूनं बोटं चाटूनपुसून खाल्लं. मग राजानं वाटी घासायला लावली. चिंच लावून अशी लख्ख घासली की तोंड दिसावं. आणि दिली परत पाठवून. रिकामी.

रिकामी वाटी कुणी परत पाठवतं का? साखरेची चिमूट तरी घालावी की नाही? राणी असती तर तिनं घातली असती. राजाला कोण सांगणार? त्याला वाटलं, घासून दिली, फार केलं.

दुसऱ्या दिवशी वेणू जेवायला बसली, तर तिला कशाची चवच लागेना. भात मातीसारखा, दूध पाण्यासारखं. वरण नको, पोळी नको. दिवस जायला लागले, तशा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. वैद्य आले, जीभ बघितली, नाडी बघितली. म्हणाले, रोग काही नाही, पण पोर अशीच उपाशी राहिली तर हाताला लागायची नाही.  आता राणीला काय तोंड दाखवू, म्हणून राजा कोपऱ्यात जाऊन रडला. राजेसुद्धा रडतात, बरं का.

मग त्याला आठवलं, पोरीनं शेवटचं आवडीनं खाल्लं ते गोदाक्काचं शिकरण. तो उठला आणि स्वतःच तिच्या घरी गेला. गोदाक्का नुकती जेवायला बसत होती. म्हणाली, आधी दोन घास खा, मग बोलू. ताटात बघतो तर कारल्याची भाजी. राजाला कारलं मुळीच आवडत नसे, आपल्या सुमूसारखं. पण म्हातारीचा शब्द मोडवेना, म्हणून घास तोंडात घातला. आणि काय सांगू, इतकी चविष्ट भाजी की त्यानं पुन्हा पुन्हा मागून घेतली. यात घातलंत तरी काय, असं विचारलं, तर गोदाक्का म्हणाली, काही नाही हो. तुमच्याकडून वाटी आली ना परत, तेव्हापासून माझ्या घरात साधं पाणीसुद्धा गोड लागतं.

तिनं फळीवरची वाटी काढून दाखवली. तळाशी काहीतरी चमकत होतं, काजव्याएवढं. बोटानं निघेना, वाटी उपडी केली तरी पडेना. मग राजानं वेणूची सगळी हकीकत सांगितली. म्हातारीनं कपाळाला हात लावला.

“अहो महाराज, माझी वाटी जन्मात कुणाच्या घरून रिकामी आली नाही. तुम्ही तिच्यात काही घातलं नाहीत, मग तिनं हाताशी लागलं ते उचललं. ही तुमच्या वेणूची चव आहे.”

आता काय करायचं, तर वाटी घरी न्यायची आणि भरायची. भरली की सोडेल ती, असं म्हातारीनं सांगितलं.

राजानं वाटीत मोती भरले. वाटी हलली, डुलली आणि मोती सांडून मोकळी झाली. सगळे पलंगाखाली. मग राजानं मुदपाकखान्यातून अननसाचा शिरा मागवला, केशर घातलेला, वरून सोन्याचा वर्ख. वाटी हलली, डुलली, शिरा जमिनीवर. मांजराचं फावलं. राजा डोकं धरून बसला.

वेणू अंथरुणातून बघत होती. अंगात बोलायचंही त्राण नव्हतं, तरी हळूच म्हणाली, “बाबा, मोती समुद्राचे, शिरा आचाऱ्याचा. आपण काय केलं त्यात?”

मग राजानं मुकुट काढून उशीवर ठेवला आणि बाह्या सारल्या. बागेतली केळी आणली. वेणूला मांडीवर घेतलं आणि बाप-लेकीनं मिळून केळी कुस्करली. थोडं दूध वेणूच्या परकरावर सांडलं. वेलची घातली ती सालासकट. साखर किती घालायची, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. राजानं मूठभर घातली, मग भीती वाटली म्हणून आणखी मूठभर घातली. आणि ते शिकरण वाटीत ओतलं.

वाटी हलली. राजानं श्वास रोखला. वाटी डुलली. आणि बसली की हो नीट. मग तळाशी चमकत होतं ते हळूहळू वर आलं आणि टुणकन वेणूच्या जिभेवर जाऊन बसलं. वेणूनं आपलं बरबटलेलं बोट चाटलं, आणि तोंड वाकडं केलं.

“बाबा, साखर फार झाली.”

राजानं तिला असं पोटाशी धरलं की काही विचारू नका. एवढं गोड बोलणं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. पातेल्यात उरलेलं शिकरण वेणूनं आणखी दूध घालून सगळं संपवलं. वाटी दोघांनी मिळून गोदाक्काकडे पोचवली. म्हातारीनं वेलचीची सालं काढत काढत ते गोडमिट्ट शिकरण खाल्लं आणि एका अक्षरानं नावं ठेवली नाहीत. तिचं कारलं पुन्हा कडू झालं, पण त्याचं तिला काही वाटलं नाही.

पुढे राणी बाळ घेऊन आली. ती वाटी अजून या घरून त्या घरी जाते. कधी आंबापोळीचा तुकडा, कधी पेरूच्या फोडी, काहीच नसलं तर साखरेची चिमूट. सगळे सुखात आहेत.

आणि आपल्या ओट्यावर सरलाकाकूंची वाटी उपडी पडलीय, परवाच्या चिकूच्या हलव्याची. हलवा कुणी संपवला ते मी विचारत नाही. सकाळी दोघं मिळून तिच्यात काय घालायचं ते बघा. तोवर जिभा सांभाळा, तोंडं मिटा आणि झोपा.