भोंग्याची तार

डेस्कटॉपची पेटी दोघांनी मिळून उचलावी लागे, त्या काळची गोष्ट. पेटीत काही बिघडलं की छोटा भोंगा टूं टूं करून मालकांना सांगे. एकदा त्याने पंख्यावर साचलेल्या धुळीचाही बोभाटा केला. संतापलेल्या पंख्याने पातं मारून त्याची तारच तोडली. "चोंबड्या, आता बस गप्प!"

पुढे एके सकाळी मेमरीची पट्टी खाचेतून जराशी निसटली आणि संगणक सुरूच होईना. मालकांनी वायर काढून लावली, पेटीला चापट्या मारल्या, कान लावला. "भोंगासुद्धा वाजत नाही. मेला हा! द्या भंगारात."

भंगारवाल्याचा हातोडा पडू लागला.

"पट्टी नुसती निसटलीय, सांग ना रे त्यांना!" पंखा भोंग्याला विनवू लागला.

भोंगा जिवाच्या आकांताने ओरडत होता. तुटलेली तार नुसतीच थरथरत होती.