यल्लूदादाचा निळा दगड

एक होता डोंगर, काळा कुळकुळीत. त्याच्या पायथ्याशी दोन भाऊ दगड फोडायचे. थोरला यल्लू, धाकटा तिम्मा.

एकदा काय झालं, यल्लू घरी आला तो नाचतच. "डोंगराच्या पोटात निळा दगड बघितला मी! मोराच्या मानेसारखा!" सगळं गाव खो खो हसलं. "काळ्या दगडात निळं? ताडी प्यायलास काय रे?" यल्लू जागा दाखवणार, तोच तापानं फणफणला आणि गेला बिचारा. गाव मात्र 'थापाड्या यल्लू' म्हणतच राहिलं.

तिम्मा शाळेत गेला तो दोनच दिवस, आणि डोकं भलतं गरम. "मेलेल्या माणसाला खोटा म्हणता? थांबा!" त्यानं घण उचलला आणि निघाला.

राजाकडे होती एक पारखीण, चंपूआक्का. तिनं हो म्हटलं की दगड खरा, बरं का.

मग तिम्माला ओढ्यात एक निळा दगड दिसला. धावतच तिच्याकडे गेला. आक्कानं तो पाण्यात चोळला. पाणी निळं, दगड पांढरा! "रंगाऱ्यांच्या ओढ्यातली गारगोटी आहे ही."

मग सापडला दुसरा, चकचकीत. आक्कानं सुरी ओढली. चरा काही उठेना. "ही काच रे बाळा. खरा निळा नाजूक असतो, सुरीनं लगेच ओरखडतो."

मग तिम्मा खडकाला कान लावून ठोकत फिरला. ठक, ठक, ठक... आणि एके ठिकाणी डब्ब! आत पोकळी होती. अशा वेळी छिन्नीनं हळूहळू कडा उकलायच्या असतात. पण तिम्माला कुठला धीर? घातला घण! सगळ्याचा चुरा. बोटांना नुसती निळी पूड.

तिम्मा मटकन खाली बसला. "दादा, तू खरा होतास रे, आणि मीच मोडलं!" असा रडला, असा रडला, की डोंगराला राहवेना.

डोंगर म्हणाला, "गप रे लेकरा. घाव सोसतो मी, पण हे नाही सोसवत." आणि कड्याला अलगद भेग पडली. आत पांढरी स्फटिकांची फुलं, अन् फुलांवर निळे गोंडे!

तिम्मानं हातसुद्धा लावला नाही. आक्कालाच वर घेऊन आला. "म्हातारीला कडा चढवलास, मेल्या!" आक्का धापा टाकत म्हणाली. मग ओलं बोट फिरवलं. रंग निघाला नाही. सुरीचं टोक टेकवलं. चरा उठला. मग वाकून बघितलं. "पांढऱ्यातूनच उगवलाय, कुणी चिकटवलेला नाही. खरा आहे रे!"

आक्कानं ही गोष्ट राजाच्या कानावर घातली. राजा तिम्माला म्हणाला, "माग काय हवं ते."

तिम्मा म्हणाला, "दवंडी पिटा. माझा दादा खोटं बोलला नव्हता."

डुम डुम डुम! गल्लोगल्ली दवंडी फिरली. सगळ्यात मोठ्यानं हसलेली शेजारीण मान खाली घालून पिठलं-भाकरी घेऊन आली. "चुकलं बाबा आमचं." तिम्मा पोटभर जेवला आणि किती दिवसांनी गाढ झोपला. पुढं सगळे सुखानं राहिले.

आणि तुम्ही अजून टकाटका बघताय? ओढा गोधडी, मिटा डोळे.