व्युत्पत्तीने मोडलेले स्थळ

परचुरे सर नावाचे एक वृद्ध भाषापंडित होते. त्यांचा लाडका शिष्य मुकुल महाविद्यालयात इंग्रजी शिकवी. शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा, बाकी सारा बिघाड, असे त्याचे ठाम मत होते.

एकदा तो कुडाळला मुलगी पाहायला गेला. वैजयंती त्याला मनापासून आवडली. कौतुकाने तो म्हणाला, “तुम्ही फार सिली आहात.”

तिचा चेहरा उतरला. मुकुलने घाईने खुलासा केला, “सिली म्हणजे पुण्यवान! जुन्या इंग्रजीत तोच अर्थ होता.”

वातावरण सावरावे म्हणून तिचे वडील, एसटीतून निवृत्त झालेले दळवी, हसून म्हणाले, “असू दे हो. मुलगा नाइस आहे.”

मुकुल ताडकन उठला. “नाइसचे मूळ लॅटिन, अर्थ अज्ञानी! सातशे वर्षांपूर्वी इंग्रज मूर्खाला नाइस म्हणत. घरी बोलावून माझा अपमान केलात!”

पोहे बशीत तसेच राहिले. दळव्यांनी हात जोडून त्याला निरोप दिला.

दोन दिवसांनी तो पडल्या चेहऱ्याने सरांकडे आला. सारे ऐकून सरांनी त्याच्यापुढे कागद सरकवला. “दळव्यांना पत्र लिही. ‘आपल्या मुलीवर माझा अतिशय राग आहे.’”

“सर! अशाने ते मला दारातही उभे करणार नाहीत.”

“का बरे? संस्कृतात राग म्हणजे प्रेम. अनुराग त्यातलाच. मूळ अर्थ तोच खरा ना?”

“पण दळव्यांना राग म्हणजे रागच कळणार!”

“मग दळव्यांचे नाइस तुला का कळले नाही?” सर मंद हसले. “शब्दाचे मूळ जरूर शोधावे, त्यात मौज आहे. पण अर्थ आज बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांच्या मनात असतो. तो भला माणूस तुला सांभाळून घेत होता, आणि तू त्याला सातशे वर्षे मागे नेऊन जाब विचारलास.”

मुकुल उठला. मग कागद तसाच ठेवून त्याने कुडाळची गाडी धरली.

दार दळव्यांनीच उघडले.

“काका, मी चुकलो,” तो म्हणाला.

दळवी त्याच्याकडे पाहत राहिले. मग आत वळून मालवणीत म्हणाले, “गो वैजू, चाय ठेव. पावणे इलेत.”

आतून भांड्याचा आवाज आला. मग वैजयंतीने विचारले, “साखर घालू काय नको?”

दळव्यांनी जरा विचार केला. “घाल, घाल.”

त्याचा अर्थ मुकुलला लगेच समजला.