फिरता पंखा

माझ्या लेकीला, प्रज्वलाला एम.ए. करायचं होतं. विषय पर्यावरण, राजकारण आणि समाज. जागा एकच उरलेली. चंद्रपूरचा मे महिना, मुलाखतीची खोली म्हणजे नुसती भट्टी. उभा पंखा एकच, तोही मागची खुंटी वर ओढून मोठे साहेब नाफडे यांच्याकडे तोंड करून थांबवलेला. बाकीचे मास्तर फायलींनी वारा घेत होते. मी दारात पदराने घाम पुसत उभी.

नाफडे हसले. "पोरी, झाडं काय मतदान करतात? पर्यावरणात राजकारण कुठून आलं? या खोलीतच दाखव, जागा तुझी. नाहीतर घरी जा."

प्रज्वला म्हणाली, "सर, हा उकाडा म्हणजे पर्यावरण. त्यात घामाघूम झालेले आम्ही सगळे, हा समाज. आणि फिरता पंखा तुमच्यापुढेच थांबलाय, हे राजकारण."

मी मनात म्हटलं, कार्टे, घालवलीस ना जागा! मास्तरांच्या हातातल्या फायली हलायच्या थांबल्या.

शेवटी नाफड्यांनी पंख्याच्या मागे हात नेऊन खुंटी खाली दाबली. पंखा कुरकुरत वळला आणि वारा थेट दारापर्यंत आला.

"जागा तुझी," ते पुटपुटले.

मी दारातूनच म्हटलं, "साहेब, आम्ही गेल्यावर खुंटी परत वर ओढू नका."