तिसऱ्या दिवसाचे पाहुणे

फार फार वर्षांपूर्वी, वाटा पायांनीच मोजायचे दिवस होते तेव्हा, एका डोंगराच्या पायथ्याशी गोदाक्का नावाची बाई धर्मशाळा चालवायची. आपल्याइतकी खुळी बाई पंचक्रोशीत नाही, हे ती स्वतःच सांगायची. लोक आधी "छे छे" म्हणायचे. गोष्ट ऐकली की माना डोलवायचे.

या धर्मशाळेत यायचे ते घर न उरलेले लोक. कुणाचं पुरात गेलेलं, कुणाला भावांनी बाहेर काढलेलं, कुणाला तर आपलं घर कधी होतं का तेच आठवत नसलेलं. गोदाक्का दारातच सांगायची, "तुम्ही माझे पाहुणे. इथं कुणी काडी उचलायची नाही."

आणि खरंच कुणी उचलायचं नाही. पाणी गोदाक्का भरायची, भाकऱ्या गोदाक्का थापायची, तीस माणसांची ताटं गोदाक्काच घासायची. संध्याकाळी कंबर अशी धरायची, की वाकली तर उठता येईना आणि उठली तर वाकता येईना. मग भिंतीला पाठ टेकून ती स्वतःलाच म्हणायची, "पुण्य फार जड असतं बाई."

एक कोडं मात्र तिला सुटत नव्हतं. माणसं तिसऱ्या दिवशी निघून जायची. थंडी असो, पाऊस असो, अंगात ताप असो, हात जोडायची आणि चालू लागायची. आपलंच काही कमी पडतंय, असं गोदाक्काला वाटायचं. मग ती भाजीत तेल वाढवायची, वाकळा दोनदा धुवायची, आणि आणखी दमायची.

एकदा ऐन थंडीत एक म्हातारी आली. छाती भात्यासारखी वाजत होती. वैद्य म्हणाला, "हिला महिनाभर वाऱ्याला जाऊ देऊ नका. जगायची नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीची जागा रिकामी.

गोदाक्का घोंगडी घेऊन अनवाणीच धावली. म्हातारी खिंडीच्या वाटेवर दगडाला टेकून बसली होती. ओठ निळे पडले होते. गोदाक्कानं तिला घोंगडीत गुंडाळलं आणि मग तिचा तोल सुटला.

"मरायचंय का आजी? काय कमी केलं मी तुला?"

"काही नाही गं. बसल्या जागी ताट, बसल्या जागी पाणी. अगदी पाहुण्यासारखं ठेवलंस."

"मग?"

"मग काय. म्हणतात ना, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. माझं घर गेलंय, अक्कल शाबूत आहे."

गोदाक्का तिथंच धुळीत बसली. इतकी वर्षं ती लोकांना हाकलत होती, तेही मानानं. रडू यायला हवं होतं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

"आजी, मी दमले," ती म्हणाली. "आता एवढ्या भाकऱ्या माझ्यानं होत नाहीत. पाहुणी म्हणून नको येऊस. माझ्याबरोबर चुलीपाशी बसायला ये."

म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "हे आधी सांगायचंस. तुझ्या भाकरीचे काठ कच्चे राहतात."

दोघी एकमेकींना धरून परतल्या. म्हातारी चुलीच्या उबेला राहिली. महिना गेला, वर्ष गेलं, छातीतला भाताही शांत झाला. पुढं नवं कुणी आलं, की गोदाक्का आधी जेवू घालायची आणि मग विचारायची, "तुला काय काय येतं?" तिसरा दिवस यायचा आणि कुणाच्या ध्यानातही न येता निघून जायचा.

ही गोष्ट सांगून झाली की गोदाक्का दर वेळी म्हणायची, "ज्याला आसरा द्यायचा, त्याला कामातही वाटा द्यावा. नाहीतर तो जन्मभर पाहुणाच राहतो."

आणि चुलीपुढून म्हातारी म्हणायची, "सांगून झालं असेल तर लसूण सोल."