पेजेतलं दूध

“म्हणजे तुम्ही मरायचं ठरवलंय, असंच ना?”

सत्यजितचा आवाज नको तेवढा चढला. ओसरीवर पसरलेल्या नाचणीत चोच मारणाऱ्या चिमण्या भुर्रकन उडाल्या.

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाहेर ऊन तापलं होतं, तरी त्यांच्या अंगावर घोंगडी होती.

चंदगडच्या डोंगरातला तो लहानसा मठ अक्का सांभाळायच्या. सांभाळायच्या म्हणजे अंगण झाडायच्या, आल्यागेल्याला पेज वाढायच्या, आणि कुणी काही विचारलंच तर एखाद्या वाक्यात उत्तर द्यायच्या. आई गेल्यावर मामाने सत्यजितला इथं आणून सोडलं, तेव्हा तो पाटी धरण्याच्या वयाचा होता. त्याला अक्षर अक्कांनी शिकवलं. गप्प बसायलाही शिकवलं होतं, पण ते काही त्याला जमलं नाही.

आता गडहिंग्लजला त्याचा मोठा दवाखाना होता. थायरॉइडचे डॉक्टर हेरेकर म्हणून लांबून लांबून लोक त्याच्याकडे येत. आणि ज्यांनी त्याला वाढवलं, त्या अक्कांचाच गळा सुजून पुढे आला होता.

“अक्का, तुमच्या रक्तात आयोडीन नाही. सेलेनियम नाही. जस्त नावाला आहे. केस गळतायत, बोलताना जीभ जड होते. काल विहिरीजवळ पडलात.”

“पडले. उठले.”

“उद्या उठणार नाहीत! चिमूटभरसुद्धा लागत नाही हो या गोष्टी. चिमटीत धरता येणार नाहीत इतक्या थोड्या. पण तेवढ्याही नसल्या तर सगळं यंत्र बंद पडतं. तुम्ही खाता काय? इथलाच भात, इथलीच नाचणी, इथलीच भाजी, तीही अळणी. मातीत जेवढं असतं तेवढंच दाण्यात उतरतं. आणि इथला पाऊस ती माती वर्षानुवर्षं धुऊन नेतोय.”

“मातीचा दोष कशाला काढतोस?”

“मग कुणाचा काढू?” सत्यजित म्हणाला. “त्या वासराचा?”

अक्कांनी पहिल्यांदा मान वर केली.

मठाच्या गाईला खोंड झाला होता. नांगरणीला आता ट्रॅक्टर येतो, खोंड पोसायचा कशाला, म्हणून मठाच्या पंचांनी तो विकून टाकला. गाय फाटकाशी उभी राहून हंबरत राहिली. घसा बसला तरी हंबरायची. त्या दिवसापासून अक्कांनी दूध सोडलं. दही, ताक, तूपही सोडलं. अंडं त्या कधी खातच नव्हत्या. कुणाला उपदेश केला नाही. पुढ्यात आलेली वाटी फक्त हाताने बाजूला सारू लागल्या.

सत्यजितने आधी हसण्यावारी नेलं. मग समजावलं. मग तो चिडू लागला. प्रत्येक खेपेला तो तेच सांगायचा, दूध घ्या, अंडं घ्या. आणि प्रत्येक खेपेला अक्का मान हलवायच्या.

“बोलून झालं असेल तर जेवू या,” अक्का म्हणाल्या. “पारू, वाढ गं.”

सत्यजितने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

मघाशी, मठात स्वयंपाक करणारी पारू पाणी आणायला विहिरीवर गेली होती तेव्हा तो स्वयंपाकघरात शिरला होता. चुलीवर पेज शिजत होती. खिशातली दुधाच्या पावडरीची पुडी त्याने अक्कांच्या वाटीत रिकामी केली, वर पेज ओतली आणि ढवळून ती वाटी वेगळी झाकून ठेवली. पांढऱ्यात पांढरं. पारूला सांगितलं, अक्कांची वाटी मी वाढून ठेवलीय, औषध घातलंय.

एका वाटीने गळ्याची सूज उतरणार नव्हती. हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? पण एकदा ती वाटी पोटात गेली की तो सांगणार होता... अक्का, व्रत मोडलंय तुमचं. आता कशासाठी अडून बसता?

पारूने वाटी आणून अक्कांच्या पुढ्यात ठेवली.

अक्कांनी ती दोन्ही हातांत धरली. वाटीतली पेज काठाशी हिंदकळत होती.

“पारू म्हणते, तू औषध घातलंस.”

“हो.”

“दूध नाही ना यात?”

सत्यजितने ओसरीच्या खांबाकडे पाहिलं.

“नाही.”

“बघ, मला आता वासही येत नाही नीट. तू सांगतोस म्हणून पिते.”

“...प्या.”

अक्कांनी डोळे मिटले. जेवणाआधी त्या नेहमीच क्षणभर डोळे मिटत. ओठ हलले. त्याला ठाऊक होतं, त्या काय म्हणतात ते. ज्याने हे अन्न दिलं त्याचं भलं होवो. लहानपणी तोही शेजारी बसून हेच म्हणायचा आणि एक डोळा उघडा ठेवून वाटीकडे बघायचा.

वाटी वर गेली.

पिऊ देत, सत्यजित मनात म्हणाला. जगतील तरी. काय बिघडतं? डॉक्टर आहे मी. याहून मोठं खोटं मी पेशंटशी बोललोय...

वाटीचा काठ अक्कांच्या ओठांना लागला.

“थांबा!”

त्याने झडप घालून मनगट धरलं. वाटी कलंडली. पेज घोंगडीवर, जमिनीवर, त्याच्या पँटवर सांडली. पारू दारातच उभी राहिली, हात तोंडावर ठेवून.

“दूध होतं?” अक्कांनी विचारलं.

“हो.”

“आणि नाही म्हणालास.”

“...हो.”

“मग पिऊ का दिलं नाहीस?”

सत्यजित गुडघ्यांवर बसून पंच्याने पेज टिपू लागला.

“सत्या, इकडे बघ. दूध आणि अंडं सोडून दुसरा उपायच नाही का माझ्या दुखण्याला?”

तो पुसत राहिला.

“मी विचारतेय.”

“आहे,” तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. “आयोडीनचं मीठ आहे. आधी महिनाभर ते. मग सेलेनियमची गोळी. त्याच क्रमाने द्यायचं, उलट केलं तर गळा आणखी दुखावतो. गोळी यीस्टपासून करतात, कुठल्या जनावराचं त्यात काही नसतं. जस्तासाठी भोपळ्याच्या बिया, तीळ, मोड आणलेली कडधान्यं. अधूनमधून अळंबी. दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं. माझ्याकडे कितीतरी व्हेगन पेशंट येतात. असंच देतो त्यांना. ठणठणीत आहेत.”

“हे तुला केव्हापासून ठाऊक होतं?”

“...पहिल्यापासून.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

चिमण्या पुन्हा नाचणीवर उतरल्या होत्या. सत्यजित त्यांच्याकडे बघत राहिला.

“तुम्ही एका वासराचं ऐकलंत,” तो शेवटी म्हणाला. “मी इतका घसा फोडला, माझं नाही ऐकलंत. मला एकदा... एकदा तुम्ही माझं ऐकलेलं हवं होतं.”

अक्कांनी घोंगडी सावरली. त्यांचा चेहरा कठीण झाला होता. सत्यजितला वाटलं, आता आपल्याला जा म्हणतील. लहानपणीही त्याला मारापेक्षा याचीच भीती वाटायची.

पण भीती वाटता वाटता त्याच्या मनात दुसरंच काहीतरी वर आलं, आणि ते त्याला आवरलं नाही.

“एक विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“दूध वासरासाठी सोडलंत. कबूल. पण तुम्ही बाजारचं मीठही बंद केलंत. मी एकदा पुढे केलेली गोळी तर हातातही घेतली नाहीत, कशाची आहे तेसुद्धा विचारलं नाहीत, आणि मग मीही सांगितलं नाही. मिठात कुठलं वासरू होतं, अक्का?”

मठात कुणी अक्कांना असं विचारत नसे.

अक्कांचा हात सुजलेल्या गळ्याकडे गेला आणि तिथंच थांबला. त्या समोरच्या रिकाम्या वाटीकडे बघत होत्या. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की हसू, हे सत्यजितला नीट दिसलं नाही.

“कुठलंच नाही,” त्या म्हणाल्या. “लोक बघत होते रे. अक्कांनी हे सोडलं, आता अक्कांनी तेही सोडलं... ते ऐकायला बरं वाटायचं.”

सत्यजितने मान खाली घातली.

“पारू,” अक्कांनी हाक मारली, “दोघंही हरलोय आम्ही. आता भूक लागलीय. वाढ.”