नऊ अंकांची पंगत

काल राजाच्या पंगतीत मानाच्या पहिल्या पानासाठी रुसून बसलेले भार्गवशास्त्री आज भर दरबारात गणित शिकवणाऱ्या अंबाक्कांवर घसरले.

"एक ते नऊ हे अंक एकेकदाच वापरून मी मनात एक संख्या धरलीय. एक सोडून तिला कशानं भाग जातो ते सांगा, नाहीतर पाठशाळा सोडा!"

"नवानं," अंबाक्का शांतपणे म्हणाल्या.

"संख्या न ऐकताच?" शास्त्रीबुवांनी पाटीवर भागून पाहिलं. बाकी शून्य! अंक उलटेपालटे केले, तरी शून्यच.

राजानं आश्चर्यानं विचारलं, "अक्का, हे कसं?"

"महाराज, या अंकांची बेरीज पंचेचाळीस. तिला नवानं भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. पहिल्या पानावर कुणीही बसो, पंगतीला भात तेवढाच लागतो. शास्त्रीबुवांना हे कालच कळायला हवं होतं!"